"तू बस, बॅगा सांभाळ" : जन्मजात वाकडं पाऊल आणि खेळ

अनवाणी (धागाकर्ती):

माझं उजवं पाऊल डाव्यापेक्षा दीड नंबरानं लहान आहे. उजवी पोटरी चार सेंटिमीटरनं बारीक आहे आणि त्या बाजूचा घोटा वर फारसा वळत नाही. जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं होतं. डॉक्टर क्लबफूट म्हणतात, घरात नुसतं "वाकडा पाय" म्हणायचे. आज मी ४१ वर्षांची आहे. आठवड्यातून तीन दिवस पोहते, डोंगर चढते आणि मुलीबरोबर दोरीउड्याही मारते (तिच्याइतक्या नाही).

हे आत्ताच लिहावंसं वाटलं कारण ओळखीतल्या एका घरी क्लबफूट असलेलं बाळ जन्माला आलंय. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर आहे. मी भेटायला गेले, तर घरातल्या सगळ्यांनी डॉक्टर, प्लास्टर, बूट याबद्दल विचारलं. आईनं मात्र मी निघताना, चपला घालत असताना विचारलं, "ही पळेल ना हो?" मी "हो" म्हणाले आणि घरी आले. पण त्या "हो"मध्ये इतकं काही राहून गेलं होतं की दोन रात्री डोक्यात तेच घोळत होतं. ते सगळं इथे लिहिते. लांबेल.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. साधारण हजार बाळांमागे एकाला हा दोष असतो. मुलग्यांमध्ये मुलींच्या दुप्पट, आणि जवळपास निम्म्या बाळांमध्ये दोन्ही पायांना. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडत नाही. आईनं गरोदरपणी काय केलं, काय केलं नाही, याच्याशी याचा जोडलेला संबंध मी लहानपणापासून ऐकत आले. माझ्या आईनं तर तो आयुष्यभर ऐकला. कुणाच्या घरी असं बाळ असेल तर कृपा करून त्या आईला हा प्रश्न विचारू नका.

माझा जन्म १९८४ चा. तेव्हा आमच्याकडे आधी काही प्लास्टरं आणि मग मोठी शस्त्रक्रिया अशी पद्धत होती. मी सात महिन्यांची असताना टाचेच्या मागून आणि आतल्या बाजूनं पाऊल उघडून शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला जोडणाऱ्या) लांबवल्या, सांधे मोकळे केले. तो व्रण आजही घोट्याला वळसा घालून आहे. पाऊल सरळ झालं, जमिनीवर सपाट टेकलं. पण आत व्रणाचं जाळं धरलं आणि पाऊल ताठर राहिलं. आताच्या मुलांचं तसं नसतं, त्याबद्दल खाली लिहितेच.

मी चालायला लागले दीड वर्षाची झाल्यावर. पळायला लागले ते कधी, कुणाच्याच लक्षात नाही, कारण आई म्हणते, तू चाललीसच कमी. मोठ्या भावाच्या मागे गच्चीवर, जिन्यात, सगळीकडे धावणं. पडायचे खूप. उजव्या बाजूलाच पडायचे, कारण पाऊल बाहेरच्या कडेवर टेकायचं. त्या वयात मला काहीही वेगळं वाटत नव्हतं.

वेगळं वाटायला लागलं शाळेत. पी.टी.च्या तासाला आमच्या बाई फार प्रेमळ होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तू इथे सावलीत बस हं बाळा, सगळ्यांच्या बॅगा सांभाळ." मला वाटलं, हे मानाचं काम आहे. दोन आठवडे मी त्या बॅगा अगदी इमानानं सांभाळल्या. मग एकदा मधल्या सुट्टीत पकडापकडी चालली होती, मी धावत गेले, तर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "तू नाही, तू बॅगावाली." तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मोठ्या माणसानं जी जागा ठरवून दिली, ती तिनं मला परत दाखवली.

घरी मी काही बोलले नाही. पण तासाच्या दिवशी पोट दुखायला लागलं. आईनं तीन-चार आठवडे पाहिलं आणि मग मला घेऊन डॉक्टरांकडे गेली. पोटासाठी नाही, हाडांच्या. तिनं विचारलेला प्रश्न मला आजही जसाच्या तसा आठवतो. आतापर्यंत ती "काय काय करू नये" असं विचारत आली होती. त्या दिवशी विचारलं, "हिनं खेळल्यानं पाय बिघडेल का?" डॉक्टर म्हणाले, "नाही. दमेल. दमू द्या. दुखलं की ती स्वतः थांबेल, आणि सकाळी उठल्यावरही दुखत असेल तर मला दाखवा."

ते वाक्य आईनं कागदावर लिहून घेतलं, खाली डॉक्टरांची सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी बाईंना दिलं.

मी काही लगेच धावपटू झाले नाही. शंभर मीटरमध्ये शेवटची यायचे. पाऊल जमिनीवरून मागे ढकलायची ताकद पोटरीतून येते, आणि माझी उजवी पोटरी जन्मतःच लहान. ती कसर मांडी आणि कंबर भरून काढतात, त्यामुळे मी दुसऱ्यांपेक्षा लवकर दमते आणि दमले की पाऊल ओढते. पण दमणं हेसुद्धा किती सुखाचं असतं, ते बॅगांपाशी बसलेल्या मुलीलाच विचारा.

पोहायला दहाव्या वर्षी लागले आणि तिथे मला माझ्या पायाची खरी ओळख झाली. फळी धरून नुसते पाय मारायला सांगितलं की मी सरळ न जाता उजवीकडे कलत जायचे. उजव्या पायाचा रेटा कमी, डाव्याचा जास्त. प्रशिक्षकांनी आठवडाभर पाहिलं आणि पाय सुधारण्याचा नाद सोडून हातांवर काम करून घेतलं. फ्रीस्टाइल जमलं, बॅकस्ट्रोक त्याहून छान जमलं. ब्रेस्टस्ट्रोक मात्र कधीच जमला नाही. कितीतरी वर्षांनी एका फिजिओनं कारण सांगितलं: त्या प्रकारात पाऊल वर ओढून बाहेर वळवावं लागतं, आणि क्लबफूटमध्ये नेमक्या त्याच दोन हालचाली अपुऱ्या असतात. मला किती हलकं वाटलं! इतकी वर्षं वाटत होतं की माझेच कष्ट कमी पडतायत. म्हणून पालकांना सांगते, मुलाला एखादी गोष्ट जमत नसेल तर "अजून प्रयत्न कर" म्हणण्याआधी त्या पायाला ती हालचाल शक्य आहे का ते विचारून घ्या.

तसंच उकिडवं बसणं. घोटा वर वळत नाही, त्यामुळे टाचा टेकवून बसले तर मी मागे पडते. टाचेखाली काहीतरी घेतलं की बसता येतं. डोंगर चढताना बुटात टाचेखाली छोटी पाचर ठेवते. उतरताना घोट्याच्या पुढच्या भागात दुखतं, तिथे दोन काठ्या लागतात. आणि चालण्यापेक्षा एका जागी उभं राहणं मला जास्त जड जातं. हे लोकांना पटत नाही. मीही कितीतरी वर्षं बोलले नव्हते, कारण "पोहतेस, डोंगर चढतेस आणि पंधरा मिनिटं उभी राहू शकत नाहीस?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बूट दोन नंबरांचे लागतात. कधी दोन जोड घेते, कधी मोठा जोड घेऊन उजव्या बुटात जाड इन्सोल घालते. वर्षानुवर्षं मी गुडघ्यापर्यंत मोजे घालायचे, पोटरी दिसू नये म्हणून. ते कधी सोडले? मुलगी चार वर्षांची असताना तिनं दोन्ही पोटऱ्यांना हात लावून विचारलं, "ही छोटी का?" मी सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि खेळायला गेली. त्यानंतर ते मोजे मी काढले नाहीत कपाटातून.

इथे आणखी कुणी असेल तर लिहा. पालक असाल तर विचारा. मी डॉक्टर नाही, पण त्या पायावर ४१ वर्षं उभी आहे.

⁂

प्लास्टरची_आई:

ताई, वाचताना दोनदा थांबावं लागलं. माझा मुलगा अकरा महिन्यांचा आहे, दोन्ही पायांना क्लबफूट. पोन्सेटी पद्धतीनं सहा प्लास्टरं झाली, टाचेची शीर कापायची छोटी प्रक्रिया झाली, आता रात्री बूट-पट्टी (एकाच आडव्या पट्टीला जोडलेले दोन बूट) घालतो. तुमच्या वेळी आणि आता यात नेमका फरक काय? आणि तो रात्री इतका रडतो की मला कधी कधी वाटतं, एखाद्या रात्री नाही घातले तर काय होईल?

⁂

अनवाणी:

काढू नका. आधी तेवढं लिहिते, मग बाकीचं.

इग्नासिओ पोन्सेटी मूळचे स्पेनमधल्या मेनोर्का बेटावरचे, जन्म ३ जून १९१४. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी जखमींवर उपचार केले, मग फ्रान्स, मेक्सिको असं करत १९४१ मध्ये अमेरिकेत आयोवाला पोचले. तिथे त्यांनी आधी शस्त्रक्रिया झालेले पाय तपासले आणि ते मोठेपणी ताठर, दुखरे, कमजोर झालेले दिसले. म्हणून त्यांनी हलक्या हातानं पाऊल वळवायचं, आठवडाभर प्लास्टरमध्ये ठेवायचं, पुन्हा थोडं वळवायचं ही पद्धत बसवली. आधी तळव्याची जास्तीची कमान खाली आणायची, मग पाऊल हळूहळू बाहेर न्यायचं, आणि टाच सगळ्यात शेवटी. बहुतेक बाळांना शेवटी टाचेची शीर कापावी लागते, ती तीन आठवड्यांत पुन्हा जुळून येते. सांधे उघडायचे नाहीत, त्यामुळे आत व्रणाचं जाळं नाही.

१९६३ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष छापले. तरी त्यानंतर तीसेक वर्षं बहुतेक ठिकाणी शस्त्रक्रियाच चालू राहिली. मी त्याच काळातली. १९९० च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटवर पालक एकमेकांना शोधू लागले, आपल्या बाळांचे फोटो दाखवू लागले आणि डॉक्टरांकडे ही पद्धत मागू लागले. आईबापांनी एकमेकांना सांगून ती जगभर पोचवली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप रडले होते. राग आला म्हणून आणि आनंद झाला म्हणूनही.

⁂

उंबरठा:

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. @प्लास्टरची_आई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

प्लास्टरनं पाऊल सरळ होतं, पण ते आत ओढणारी प्रवृत्ती काही वर्षं शिल्लक असते. म्हणून पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि मग रात्रीच्या आणि दुपारच्या झोपेत, मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत बूट-पट्टी. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण बूट-पट्टी मधेच सोडणं हेच आहे. एका रात्रीनं पाऊल वाकडं होत नाही. पण एक रात्र सुटली की पुढची सोडणं सोपं होतं, आणि मुलालाही कळतं की रडलं की बूट निघतात.

रडण्याचं कारण शोधा. टाचेच्या मागे लालभडक डाग किंवा फोड असेल तर बूट सैल आहे, टाच वर सरकून घासतेय. आपण दया येऊन पट्टा सैल करतो आणि त्यानंच जखम होते. पट्टा घट्ट हवा. टाच खाली टेकलीय का ते रोज पाहा. त्वचेवर काही नसेल तर बहुतेक वेळा तो पाय वेगवेगळे हलवता येत नाहीत म्हणून चिडतो. झोपायच्या आधी बूट घालून खेळवा: पट्टीला धरून दोन्ही गुडघे एकदम वाकवायचे, एकदम सरळ करायचे. दोन्ही पाय मिळून हलवायचे असतात हे कळलं की मुलं शांत होतात. काही जण तर त्या पट्टीनं पाळण्याचा कठडा ठोकून सगळ्यांना उठवतात.

अनवाणीताईंच्या लेखात एक भर. पोटरी बारीक राहते याचं पालकांना फार वाईट वाटतं आणि ते व्यायाम वाढवत राहतात. हा दोष केवळ पावलाचा नसतो, गुडघ्याखालच्या स्नायूंचाही असतो. व्यायामानं ताकद वाढते, दम वाढतो. घेर दुसऱ्या पायाइतका होत नाही. टेपनं मोजणं सोडा. एका पायावर किती वेळ तोल धरता येतो, एका पायाच्या चवड्यावर किती वेळा उठता येतं, ते मोजा.

⁂

प्लास्टरची_आई:

टाचेला खरंच लाल आहे. मी रोज एक भोक सैल करत होते. आज घट्ट लावला.

⁂

काठावरचा:

थोडा वेगळा सूर लावतोय, राग नसावा.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. डाव्या पायाला क्लबफूट, उपचार उत्तम झाले. त्याला खेळात अजिबात रस नाही. चित्रं काढतो, किडे गोळा करतो. पण त्याचा हा दोष कळला की प्रत्येक जण त्याला क्रिस्टी यामागुची सांगतो. दोन्ही पावलं वाकडी घेऊन जन्मली, पायांसाठी म्हणून स्केटिंग सुरू केलं आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. मग मिया हॅम: क्लबफूट, लहानपणी उपचार, फुटबॉलचे दोन विश्वचषक. परवा तर एका नातेवाइकानं बोटंच नसलेल्या पावलानं १९७० मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये ६३ यार्डांवरून फील्ड गोल मारणाऱ्या टॉम डेम्प्सीची गोष्ट त्याला ऐकवली. मुलगा माझ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, मला काही जिंकावं लागेल का?"

मला काय उत्तर द्यावं सुचलं नाही. या गोष्टी खऱ्या आहेत, मोठ्या आहेत. पण त्याला त्यातून ऐकू आलं ते एवढंच, की पाय वाकडा असेल तर त्याची भरपाई करावी लागते.

⁂

रानवारा:

@काठावरचा, तुमच्या मुलाचं ते वाक्य लिहून ठेवा. त्यात सगळं आलं.

माझी गोष्ट क्लबफूटची नाही, पण जन्मजातच. दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत मी उत्तम फुटबॉल खेळायचो. मग घोटा मुरगळायला लागला. महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून. सगळे म्हणायचे, नीट बघून पळत नाहीस. प्रशिक्षक म्हणायचे, आळस आलाय. चार वर्षांनी एका डॉक्टरांनी मला चवड्यांवर उभं राहायला सांगितलं आणि मागून पाहिलं. चवड्यावर उभं राहिलं की सपाट पावलातही कमान यायला हवी, टाच आत वळायला हवी. माझ्या एका पावलात तसं काहीच झालं नाही. पावलाची दोन हाडं जन्मतःच एकमेकांना जोडलेली होती. लहानपणी तो जोड कूर्चेचा, लवचिक असतो म्हणून त्रास होत नाही. वाढत्या वयात त्याचं हाड होतं आणि पाऊल बाजूला वळेनासं होतं. खडबडीत जमिनीवर पावलाला वळायला जागा नाही, म्हणून घोटा मुरगळतो.

तो निदानाचा दिवस माझ्यासाठी फार मोठा होता. चार वर्षं मी स्वतःला निष्काळजी समजत होतो. कुणाच्या मुलाचा घोटा वारंवार मुरगळत असेल आणि पाऊल सपाट, ताठर असेल, तर एकदा दाखवा.

फुटबॉल सुटला. सायकल धरली. सायकलवर पाऊल बाजूला वळावं लागतच नाही. पेडलवर पाऊल थोडं पुढे सरकवून ठेवलं, म्हणजे दाब चवड्याऐवजी पावलाच्या मध्यावर येतो आणि पोटरीवरचं काम कमी होतं. @अनवाणी, तुम्हालाही हे उपयोगी पडेल. पायांच्या लांबीत फरक असेल तर सीटची उंची आखूड पायाच्या हिशेबानं बघा किंवा त्या बुटाखाली पातळ पट्टी लावून घ्या, नाहीतर कंबर बोलायला लागते.

⁂

अनवाणी:

@रानवारा, कंबर बोलतेच आहे. उद्याच करून पाहते.

@काठावरचा, तुमची पोस्ट सकाळपासून तीनदा वाचली. यामागुची मीसुद्धा ऐकलीय, आणि आठव्या-नवव्या वर्षी मला तिचा आधार वाटला होता. पण तेव्हा मला कुणी ती सांगितली नव्हती. मी स्वतः एका मासिकात वाचली आणि ते पान फाडून ठेवलं. मुलाला स्वतःहून सापडलेली गोष्ट त्याची असते. नातेवाइकांनी जमून ऐकवली की तिचा गृहपाठ होतो. माझ्याच लेखाचं शीर्षक बघून वाटलं, मी पण सगळा भर खेळण्यावरच दिलाय. मला म्हणायचं होतं की बॅगांपाशी बसायचं की नाही ते मुलानं ठरवावं. तुमच्या मुलानं ठरवलंय. किडे शोधायलाही तो रानात भटकतच असेल ना?

⁂

काठावरचा:

भटकतो हो. परवा दोन तास ओढ्याकाठी होता. परत येताना लंगडत होता, पण चेहरा असा खुलला होता! आता मला प्रश्न असा, की तो लंगडत आला की मी घाबरतो. कधी घाबरायचं आणि कधी नाही?

⁂

उंबरठा:

खूप चांगला प्रश्न. मी पालकांना असं सांगते: दिवसाच्या शेवटी दमून लंगडला, पाय चेपून घेतला, झोपला आणि सकाळी नेहमीसारखा उठला, तर तो स्नायूंचा थकवा. त्याला घाबरू नका, पुढच्या वेळी मध्ये विश्रांती द्या. सकाळीही लंगडतोय, घोट्याला सूज आहे, रात्री दुखण्यानं जाग येते, किंवा आवडता खेळ आपणहून टाळायला लागला, तर दाखवा. शेवटचं कारण पालकांच्या नजरेतून सुटतं, कारण मूल दुखतंय असं म्हणत नाही, "कंटाळा आला" म्हणतं.

आणि क्लबफूट असेल तर अधूनमधून त्याला समोरून अनवाणी चालत यायला सांगा. पाऊल उचलताना आत वळतंय का, बाहेरच्या कडेवर टेकतंय का, टाच आधी टेकते की चवडा, बुटाची बाहेरची कड जास्त झिजलीय का ते पाहा. आधी टाचा टेकवून उकिडवं बसता येत होतं आणि आता येत नाही, हीसुद्धा खूण आहे. पाऊल परत वळू लागलं तरी घाबरून जायचं कारण नाही. लहान वयात पुन्हा काही प्लास्टरं घालून ते सुधारता येतं. गरज पडली तर तीन वर्षांनंतर नडगीच्या पुढच्या स्नायूची शीर पावलाच्या मध्याकडे सरकवून बसवतात, म्हणजे जी ओढ पाऊल आत नेत होती, तीच ते सरळ वर उचलते.

⁂

निळाई:

मी वयानं इथे सगळ्यांत मोठी असेन, ५८. दोन्ही पाय. लहानपणी चार शस्त्रक्रिया. उजव्या घोट्याचा सांधा झिजला, तीन वर्षांपूर्वी तो कायमचा जोडून घेतला.

लिहू की नको असा विचार करत होते, कारण इथे लहान बाळांच्या आया वाचतायत. पण अनवाणीनं सगळं खरं लिहिलंय तर माझंही खरं यात असावं. चाळिशीनंतर माझं दुखणं वाढत गेलं. आधी जिने, मग उभं राहणं, मग सकाळी पलंगावरून उतरून टाकलेली पहिली दहा पावलं. शेवटी दोन-दोन गोळ्या घेऊन दिवस जायचा. मला कितीतरी जणांनी सांगितलं, "लहानपणी एवढी नाचलीस म्हणून आता भोगतेस." मी शास्त्रीय नृत्य शिकले होते, बारा वर्षं. माझ्या सर्जनला मी स्पष्ट विचारलं, नाचले म्हणून झालं का? त्यांनी माझे जुने एक्स-रे लावले आणि दाखवलं, की सांध्याचा आकार लहानपणापासूनच वेगळा होता आणि वारंवार उघडल्यानं तो ताठरला होता. ते म्हणाले, "नाचला नसतात तरी तो झिजलाच असता. नाचामुळे मांड्या आणि पाठ मजबूत राहिली, म्हणून तुम्ही इतकी वर्षं काठीशिवाय चाललात."

सांधा जोडल्यावर घोटा हलत नाही, पण दुखत नाही. रोज सकाळी चालते.

@प्लास्टरची_आई, माझं वाचून घाबरू नकोस गं. तुझ्या बाळाचा सांधा कुणी उघडलेला नाही. आयोवाच्या जुन्या रुग्णांना तिशी ओलांडल्यावर बोलावून तपासलं, त्याचा अहवाल १९९५ मध्ये आला होता. त्यांच्यातल्या ७८ टक्के लोकांचे पाय उत्तम किंवा चांगलं काम देत होते. आणि ज्यांच्या पायांना जन्मतः काहीच दोष नव्हता अशांना तेच प्रश्न विचारले, तर त्यांच्यात तो आकडा ८५ निघाला. सर्जननं मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. वाकडा पाय नसलेल्या लोकांचेही पाय दुखतात हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

⁂

अनवाणी:

निळाईताई, तुम्ही लिहिलंत म्हणून हा धागा पुरा झाला. मला पुढच्या दहा-पंधरा वर्षांची भीती आहे. घोटा सकाळी कुरकुरतो. नाचल्यामुळे नाही, हे वाक्य मला फार हवं होतं.

एक विचारू? नाच सुटला तेव्हा काय केलंत?

⁂

निळाई:

वर्षभर काहीच नाही. घुंगरांची पेटी माळ्यावर टाकून दिली होती. मग शेजारची एक मुलगी शिकायला येऊ लागली. मी खुर्चीवर बसून हातांनी शिकवते, पायांचं तोंडानं सांगते. आता सहा जणी आहेत. त्यातल्या एकीच्या टाचा टेकत नाहीत. तिला मी बसवत नाही, टाचेखाली जाड कापडाची घडी देते.

⁂

प्लास्टरची_आई:

चार दिवसांनी लिहितेय. पट्टा घट्ट केल्यापासून लाली उतरली. काल रात्री सलग पाच तास झोपला. आज सकाळी बूट काढल्यावर सोफ्याला धरून उभा राहिला आणि एक हात सोडला. पावलं सपाट टेकली होती, मी जमिनीवर आडवी होऊन बघितलं.

उंबरठाताई, निळाईताई, अनवाणीताई, थँक्यू. एक राहिलं. तो पहिली पावलं टाकायला लागला की घरात बूट घालायचे की अनवाणी चालू द्यायचं?

⁂

उंबरठा:

घरात अनवाणीच. बोटांना जमीन लागू दे. दिवसा वेगळे खास बूट लागत नाहीत, बाहेर जाताना साधे मऊ तळाचे चालतील. इतर मुलांपेक्षा एक-दोन महिने उशिरा चालला तर काळजी नको. रात्रीची बूट-पट्टी तेवढी सोडू नका.